साहेब, जांघेतली नाडी बघायला शिकवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. नोकरीला 22 वर्षं झाली, त्यातली 14 लेबर रूमला गेली. माझं नाव लिहीत नाही आणि दवाखान्याचंही नाही, कारण मंत्र्याला पत्र लिहिलं की मंत्र्याचं उत्तर यायच्या आधी वरच्या साहेबांची खुलासा मागणारी नोटीस येते हे इथं सगळ्यांना माहितीय. असो.

एका बाळाचं सांगते. पोरगी माहेरी आलेली बाळंतपणाला, पहिलटकरीण, नवरा गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला तमिळनाडूत. डिलिव्हरी एकदम नॉर्मल, बाळ 2 किलो 900 ग्रॅम, रडलं लगेच, रंग गुलाबी, अर्ध्या तासात आईच्या अंगावर प्यायला लागलं, आम्हाला असं बाळ म्हणजे सुट्टीच. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. पाचवीला घरात पूजा झाली, पाटा-वरवंटा मांडला, सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि त्याच रात्री दोन वाजता आजी बाळाला गोधडीत गुंडाळून जीपमधून घेऊन आली. संध्याकाळपासून दूध ओढत नव्हतं, कपाळावर घाम, कण्हल्यासारखा आवाज, आणि रंग राखेसारखा. निळा नाही बरं का, राखेसारखा. पाय बर्फ.

आम्ही काय समजलो? सेप्सिस. पाच दिवसाचं बाळ, दूध पीत नाही, गार पडलंय, म्हणजे जंतुसंसर्ग, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तेच असतं. सलाईनचा बोलस म्हणजे एकदम मोठा डोस दिला, परत एक दिला, अँटिबायोटिक दिलं, डोक्यावरच्या हूडला ऑक्सिजन फुल्ल सोडला कारण जास्त तेवढा चांगला असंच आम्हाला वाटतं. 108 आली. साताऱ्याला पोचायलाच दोन तास, तिथून पुढं पुणं अजून शंभरच्या वर किलोमीटर, खंबाटकीला ट्रॅफिक. पुण्यात इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की महाधमनी एका जागी चिमटलेली आहे, कोआर्क्टेशन म्हणतात. तोवर किडन्या बंद पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं, बाप दोन रेल्वे बदलून पोचला तो थेट मातीलाच.

आजी मला नंतर भेटली बाजारात. म्हणाली, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं बाई. मी मान हलवली. पण साहेब, सटवाईनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं ते माहितीय, कारण ते अक्षर माझं होतं. “बाळ व आई सुखरूप.” त्या बाळाची जांघेतली नाडी कुणी बघितलीच नव्हती. डॉक्टरांनी नाही, मी नाही. बघायची असते हेच मला माहीत नव्हतं, आठ वर्षं लेबर रूम करून.

आता यात होतं काय ते मला जसं समजलंय तसं सांगते, चुकलं तर तुमचे डॉक्टर दुरुस्त करतील. पोटात असताना बाळ फुफ्फुसानं श्वास घेत नाही, म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांच्या मध्ये एक जोडनळी असते, डक्ट. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती आपोआप बंद होते, आणि व्हायलाच पाहिजे. पण हृदयाचे काही मूळचे दोष असे असतात की त्या बाळाचं सगळं त्या जोडनळीवरच चाललेलं असतं. आपल्याकडं शेतात दारं धरतात ना, तसं समजा. मेन पाटच मध्ये बुजलाय आणि खालच्या वाफ्याला बाजूच्या दाऱ्यानं पाणी मिळतंय, तोवर पीक हिरवंगार, बांधावरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दारं बुजलं की दोन दिवसांत वाफा वाळला. म्हणून ही बाळं जन्मतात गुलाबी, घरी जातात गुलाबी, आणि पाचवीच्या आसपास ढासळतात. आशाताई तिसऱ्या दिवशी जाते आणि मग सातव्या दिवशी, आमचं बाळ बरोबर त्या दोन भेटींच्या मधी सापडलं.

हजारात आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयाचा काही ना काही दोष असतो. सगळे जिवावरचे नसतात, कितीतरी छिद्रं आपोआप बुजतात. पण त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला पहिल्या वर्षातच ऑपरेशन नाहीतर प्रोसिजर लागते, आणि त्यातल्या काहींच्या हातात फक्त तास असतात. त्यातले पहिले तास पुण्या-मुंबईच्या सर्जनकडं नसतातच साहेब, ते आमच्याकडं असतात. माझ्याकडं, नाईटच्या बीएएमएस मेडिकल ऑफिसरकडं, 108 मधल्या डॉक्टरकडं.

त्या बाळानंतर वर्षभरानं एका बालरोगतज्ज्ञ मॅडमशी गाठ पडली, वेगळ्याच कार्यक्रमात, चहाच्या टेबलाजवळ. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, तिथंच कुणाचंतरी नातवंड होतं ते मांडीवर घेतलं आणि माझी दोन बोटं धरून त्याच्या जांघेत ठेवली. हलकं ठेवा, दाबलं की नाडी हरवते. लागली? आता दुसरा हात उजव्या दंडाच्या आत, कोपराजवळ. दोन्ही एकदम लागतात का, सारख्या जोरानं लागतात का? झालं. पाच मिनिटं. मग उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, कसं बघायचं ते. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. एवढ्या नोकरीत इतक्या कामाचं ट्रेनिंग मला मिळालं नाही आणि त्याचं सर्टिफिकेट पण नाही.

सॅच्युरेशनचं गणित अवघड नाही. बाळ 24 तासाचं झाल्यावर, शांत असताना, उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला ऑक्सिमीटरचा प्रोब लावायचा. दोन्हीकडं 95 किंवा वर आणि फरक 3 पेक्षा जास्त नाही, तर बरं. कुठंही 90 च्या खाली आलं तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरला उठवायचं. मधलं काही आलं तर तासाभरानं परत. उजवाच हात का, तर त्या हाताला रक्त डक्टच्या आधीच मिळतं आणि पायाला नंतर, म्हणून फरक कळतो. डोळ्यावर भरवसा ठेवून चालत नाही, सॅच्युरेशन 80-85 पर्यंत उतरलं तरी ओठ निळे दिसतीलच असं नाही, त्यात आपली सावळी बाळं आणि लेबर रूमचा पिवळा बल्ब. आणि मशीन पण सगळं पकडत नाही, कोआर्क्टेशन तर कधी कधी साफ निसटतं, म्हणून नाडी बघायचीच. अमेरिकेत 2011 मध्ये ही तपासणी सगळ्या नवजात बाळांच्या यादीत घातली. यंत्र तर आपल्याकडं पण आहे.

आहे म्हणजे कसं आहे ते सांगते, हसू नका. कोरोनात ऑक्सिमीटरचा पाऊस पडला, आमच्या कपाटात अजून खोकी आहेत. पण ती सगळी बोटाला लावायची चिमट्याची, मोठ्या माणसाची. नवजात बाळाच्या पायाला गुंडाळायचा प्रोब वेगळा असतो, तो एकच होता, त्याची वायर चिकटपट्टीनं जोडलेली, आणि नंतर तो पण गेला. मागणी केली की उत्तर येतं ऑक्सिमीटर शिल्लक आहेत. शिल्लक आहेतच की.

तरी त्या वीस मिनिटांवर एक बाळ वाचलं. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या दिवशीचं बाळ, छान पीत होतं, मी सवयीनं लावलं तर उजव्या हाताला 96 आणि पायाला 88. पाय गार असेल म्हणून चोळून गरम केला, वरून फडकं झाकलं कारण उजेडानं रीडिंग चुकतं, परत 88. जांघेत नाडी लागेना. मेडिकल ऑफिसर नवीन होते, म्हणाले सिस्टर प्रोब खराब असेल, मी म्हटलं सर तुम्ही बोट ठेवून बघा. त्यांनी ठेवलं आणि काही न बोलता फोन हातात घेतला. मॅडमला लावला, त्यांनी पुढं मोठ्या दवाखान्यात आधीच कळवलं, शुगर बघून पाठवा, पोटाशी धरून गरम ठेवा, गरज नसताना ऑक्सिजन उगाच सोडू नका, हे फोनवर सांगितलं. तिथं पोचल्या पोचल्या औषध चालू झालं. त्या पोराचं ऑपरेशन झालं आणि आता ते अंगणवाडीत जातं, खोडकर आहे म्हणतात.

ते औषध म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन ई-1, अल्प्रोस्टॅडिल. बंद होणारी डक्ट उघडी ठेवतं, म्हणजे बुजत आलेलं दारं परत उघडतं. 500 मायक्रोग्रॅमची छोटी अँप्यूल, फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीला ठेवायची, सिरिंज पंपानं थेंब थेंब द्यायचं. आमच्या लेबर रूमच्या फ्रीजमध्ये कळा आणायचं जेल असतं ते याच घराण्यातलं, रक्तस्राव थांबवायच्या मिसोप्रोस्टच्या गोळ्या तर याची सख्खी चुलत बहीण (म्हणून कुणी गोळी कुटून बाळाला देऊ नका, हात जोडते). म्हणजे बाईसाठीचं प्रोस्टाग्लॅंडिन तालुक्याला मिळतं, बाळासाठीचं एक अँप्यूल मिळत नाही. पण मी असंही म्हणत नाही की उद्या प्रत्येक पीएचसीला पाठवा. याच्यात मेख आहे, दहातल्या एखाद्या बाळाचा श्वास या औषधानं थांबतो, बहुतेक पहिल्या तासातच, त्यामुळं श्वास द्यायची पिशवी, बॅग-मास्क, हातात असलेला आणि ती चालवता येणारा माणूस बाळाजवळून हलता कामा नये. म्हणून आधी एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाला ठेवा, डोसचा तक्ता वजनाप्रमाणं भिंतीला लावा, आणि जो माणूस बाळाबरोबर अँब्युलन्समध्ये बसणार त्याला शिकवा. आता होतं असं की औषध चालू करणारा वेगळा आणि गाडीत बसणारा वेगळा, त्याला ते काय आहे ते माहीतच नसतं.

आणि अँटिबायोटिक देऊ नका असं तर मी मुळीच म्हणत नाही. सेप्सिस वाटलं तर सेप्सिसचं चालू करायचंच, फक्त त्याच वेळी जांघेत बोट घालून बघायचं आणि डोक्यात दुसरा प्रश्न ठेवायचा, हृदय तर नसेल?

आता ट्रेनिंगचं. ट्रेनिंग खूप होतात साहेब. जिल्ह्याच्या गावी हॉलमध्ये, इंग्रजी स्लाईड, पाठीमागच्या रांगेला अक्षर दिसत नाही, अकरा वाजता नाष्टा, एक वाजता जेवण, हजेरीवर दोन सह्या, ग्रुप फोटो. एनएसएसके, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं ट्रेनिंग, चांगलं होतं, खरंच चांगलं, कारण तिथं बाहुली होती आणि बॅग-मास्क स्वतःच्या हातानं मारायला लावायचे, ते आजही हाताला लक्षात आहे. पण त्यात न रडणारं बाळ शिकवलं. रडून, दूध पिऊन, तिसऱ्या-पाचव्या दिवशी कोसळणारं बाळ त्यात नव्हतं. हे त्याला जोडा. आणि हॉलमध्ये नको, आमच्या लेबर रूमला येऊन शिकवा, आमच्याच वॉर्डातल्या आठ-दहा धडधाकट बाळांच्या नाड्या बघू द्या, कारण शंभर चांगल्या नाड्या लागल्याशिवाय न लागणारी नाडी कळत नाही. सहा महिन्यांनी परत या. आणि ज्या सिस्टरला शिकवलं तिला पुढच्या महिन्यात पुरुष वॉर्डला टाकू नका, हे तर फुकटात होण्यासारखं आहे.

खाजगी प्रसूतिगृहांच्या सिस्टरना पण बोलवा, कितीतरी बाळंतपणं तिकडंच होतात आणि ढासळलेलं बाळ शेवटी आमच्याच दारात येतं. त्या पोरींना तर कुणीच काही शिकवत नाही.

तुमचा आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला, त्याच्या यादीत जन्मजात हृदयरोग पहिल्यापासून आहे, आणि शाळा-अंगणवाडीत सापडलेल्या पोरांची ऑपरेशनं त्यातून होतात, आमच्या तालुक्यातली पण झालीत, त्याबद्दल नाव ठेवायला जागा नाही. पण ती पोरं अंगणवाडीपर्यंत पोचली म्हणून सापडली ना. पाचवीलाच गेलेलं बाळ कुठल्या यादीत येणार? केरळनं 2017 मध्ये अशा बाळांसाठी हृद्यम योजना सुरू केली, बाळाची ऑनलाईन नोंद झाली की कुठल्या हॉस्पिटलनं कधी घ्यायचं ते ठरतं. आमच्याकडं नाईटची सिस्टर एकेक नंबर फिरवत बसते, बेड नाही, व्हेंटिलेटर नाही, इको उद्या सकाळी. एक नंबर द्या. रात्री तीनला उचलला जाणारा, पलीकडं लहान मुलांच्या हृदयाचं कळणारा माणूस असलेला.

यात अडचण काय येते तेही सांगते. पीएचसी जिल्हा परिषदेकडं, ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनकडं, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडं म्हणजे दुसऱ्याच मंत्र्याकडं, 108 ठेकेदाराकडं. बाळ एका रात्रीत चारही ठिकाणी फिरतं, पण ट्रेनिंग चौघांचं कधी एकत्र झालेलं मी तरी बघितलं नाही. एकदा बसवा चौघांना एका खोलीत. बाहुली मधी ठेवा.

नवीन बिल्डिंग नको, उद्घाटन नको. पुढच्या वेळी साताऱ्याला आलात की एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूमला न सांगता या, आणि दोनच गोष्टी विचारा, बाळाच्या पायाचा प्रोब दाखवा, आणि या बाळाची जांघेतली नाडी दाखवा. प्रोबबद्दल आमच्याकडं उत्तर नाही, येताना एखादा घेऊन आलात तर बरं होईल. नाडी मी दाखवते, ड्युटीवर असले तर.

आपली,
एक स्टाफ नर्स
माण तालुका, जि. सातारा