कात्री नेमकी चुकीच्या जागी चालते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीक शोकांतिका आत्महत्येचे उदात्तीकरण करतात, असा आक्षेप अधूनमधून वाचायला मिळतो. निदान प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या बाबतीत तो टिकत नाही. त्याची सात नाटके आज पूर्ण उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या चार नाटकांत मिळून सहा पात्रे स्वतःचा जीव घेतात. पण त्याआधी आसपासची माणसे काय करत होती, हे तो फार बारकाईने लिहितो.

‘एजॅक्स’ घ्या. शरमेने खचलेला हा योद्धा आधी उघडपणे मरणाच्या गोष्टी करतो आणि मग एकाएकी शांत होतो. हिवाळा उन्हाळ्याला वाट करून देतो, तसा मीही नमतो, समुद्रावर स्नान करून येतो, म्हणतो. त्याचे खलाशी, म्हणजे नाटकातला कोरस (एकत्र गाणारा, बोलणारा वृंद), आनंदाने नाचू लागतात. लगेच दूत निरोप आणतो: अथीना देवीचा कोप फक्त आजच्या दिवसाचा आहे, त्याला तंबूबाहेर पडू देऊ नका. तोवर तो निघून गेलेला असतो. सुमारे १४२० ओळींच्या या नाटकात एजॅक्सचे शेवटचे शब्द ८६५व्या ओळीला येतात. पुढचे सगळे नाटक मागे राहिलेल्यांचे आहे.

‘अँटिगनी’त बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकली म्हणून राजा क्रेऑनने अँटिगनीला गुहेत कोंडलेले असते. कोरस त्याला क्रम सांगतो: मुलीला सोडव, मग प्रेत पुर. तो नेमके उलटे करतो. प्रेताला स्नान, दहन, वर मातीचा उंचवटा, हे सगळे उरकून गुहेपाशी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो: अँटिगनीने जीव दिलेला असतो आणि मागोमाग क्रेऑनचा मुलगा, तिचा वाग्दत्त वर हेमॉनही देतो. हेमॉनची आई, राणी युरिडिसी, ही बातमी ऐकते आणि चकार शब्द न काढता आत जाते. ‘ट्रॅकिनिए’ नाटकातली हेराक्लीजची बायको डेयानिराही तशीच जाते. ‘राजा ईडिपस’मधली राणी योकास्टा तर ‘यापुढे काही बोलणार नाही’ असे सांगून जाते. तिन्ही वेळा कोरसला ती शांतता खटकते, पण कोणीही वेळेत पोचत नाही.

आपल्याकडे हीच नाटके एकांकिकेच्या वेळेत बसवताना पहिली कात्री लागते ती कोरस आणि दूत यांना. मग उरतो फक्त मृत्यू, वर प्रकाशझोत आणि पार्श्वसंगीत. मूळ नाटकांत बहुतेक मरणे रंगमंचाआड होतात, प्रेक्षकाला ती दूताच्या तोंडून कळतात. तेव्हा उदात्तीकरण असलेच तर ते आपल्या रंगावृत्तीचे. कापायचेच असेल तर ‘अँटिगनी’तले डॅनेई आणि लायकर्गस यांच्या कथांचे चौथे वृंदगीत आखडते घ्यावे, कथानक कुठेही अडत नाही. दूताच्या भाषणाला मात्र हात लावू नये.

सोफोक्लीजचाच समकालीन नाटककार युरिपिडीज याचे ‘हेराक्लीज’ तर आपल्याकडे कोणी फारसे हातीच घेत नाही. वेडाच्या भरात बायकोमुलांना मारून बसलेला हेराक्लीज जगू इच्छित नाही. मित्र थिसियस येतो, विटाळाची पर्वा न करता त्याच्या डोक्यावरचे वस्त्र दूर करायला लावतो आणि अथेन्समध्ये घर देऊ करतो. हेराक्लीज त्याच्या आधाराने चालत निघतो. स्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्यांनी निदान एकदा हे नाटक वाचावे.

— एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली