केरसुणी घेतलेली बाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं श्रद्धेवरचं सदर मी नेमानं वाचते, पण त्यात ख्रिस्ती श्रद्धेचं काही आलं की ते नाताळ नाहीतर ईस्टरच्या सुमारास आणि बहुतेक वेळा मोठमोठ्या चमत्कारांबद्दलच असतं. मला साध्या दिवसांबद्दल सांगायचंय.

मागच्या आठवड्यात रात्री आईच्या कानातल्याची फिरकी पडली. आई अंथरुणाला खिळलेली, तिला खाली वाकूनही बघता येत नाही. मी दमलेली होते, म्हटलं सकाळी बघू, पण तिचा चेहरा बघवेना. मग मोबाईलचा टॉर्च लावला, पलंग सरकवला, कोपरा न् कोपरा झाडला, सुपलीतला केर बोटांनी चिवडला तेव्हा कुठे केसांच्या गुंतवळात अडकलेली ती फिरकी दिसली. तशीच जमिनीवर बसले आणि एकदम बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय आठवला. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून, घर झाडून, सापडेपर्यंत शोधणारी ती बाई! ते नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. येशूनं सांगितलेला हा दाखला, म्हणजे बोधकथा, हरवलेलं मेंढरू आणि उधळा पुत्र यांच्या मधे आहे, म्हणूनच की काय प्रवचनात तो दोन वाक्यांत उरकतात. मेंढपाळाची चित्रं खूप दिसतात, पण या बाईचं चित्र मी तरी कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही. आणि येशूनं तर देव कसा आहे हे सांगायला तिलाच निवडलं, हातात केरसुणी असलेल्या बाईला. इतकी वर्षं हे वाचताना मी स्वतःला नाणं समजत होते, त्या रात्री पहिल्यांदा शोधणाऱ्याची पाठ कशी दुखते ते कळलं.

बघा ना, येशूच्या गोष्टींमधे पिठातलं खमीर आहे, मोहरीचा दाणा आहे, जुन्या कपड्याला लावलेलं नव्या कापडाचं ठिगळ आहे. तो स्वतः सुतार होता, हाताला काम माहीत असलेला माणूस. १७व्या शतकात पॅरिसमधे कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, आधी सैनिक, जखमेमुळे लंगडत चालायचे, मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं आणि ते काम त्यांना मनापासून नावडतं होतं. तरी तिथंच वर्षानुवर्षं राबले, आणि त्यांचं म्हणणं असं की कामाच्या गडबडीतही देव प्रार्थनेच्या वेळेइतकाच जवळ असतो. हे १६९१ साली गेले, पण आईची चादर बदलताना, तिला कुशीवर वळवताना मला ते फार जवळचे वाटतात, मुख्य म्हणजे त्या नावडीमुळे, कारण मलाही रोज सगळं आवडीनं करता येत नाही.

एक मात्र मनापासून खटकतं. आपण अपघातातून वाचलो की लगेच म्हणतो देवानं मला वाचवलं, मग शेजारच्या सीटवरचा गेला त्याचं काय? लूकच्याच १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेल्याचं आहे, आणि ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका असं येशू स्पष्ट सांगतो. रोजच्या जगण्यात श्रद्धा शोधायची म्हणजे प्रत्येक घटनेचा आपल्या सोयीचा अर्थ लावायचा असं नाही, निदान मला तरी ते पटत नाही. मला त्या फिरकीत कुठलाही संकेत दिसला नाही, फक्त आधी कित्येकदा वाचलेली एक ओळ त्या रात्री नीट समजली.

तर विनंती एवढीच की या सदरात साध्या वाचकांना जागा द्या, रात्रपाळीची नर्स, ड्रायव्हर, घरी आजारी माणसाचं करणारे, त्यांच्या अनुभवात चमत्कार नसला तरी चालेल. आईलाही बरंच काही सांगायचंय, ती बोलेल तसं मी लिहून पाठवेन.

आपली,
एक नियमित वाचक