नकाराचे बटणही तेवढेच मोठे हवे

महोदय,

मोबाइलवरचा खासगीपणा कसा जपावा, यावर आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात आलेला लेख वाचला. सूचना उपयोगी आहेत, पण सगळा भार वाचकाच्या डोक्यावर आहे. हे सेटिंग बंद करा, ते तपासा, अटी नीट वाचा. (अटी वाचायला सांगणाऱ्यांनी स्वतः त्या कधी शेवटपर्यंत वाचल्या असतील का, देव जाणे.) मुळात नकार देणे इतके अवघड कोणी केले, हा प्रश्न लेखात आलाच नाही.

मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे. काउंटरवर हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर येते : "मोबाइल आपलं बोलणं ऐकतो हो!" घरात नुसता गुडघेदुखीचा विषय निघाला आणि संध्याकाळपासून तेलाच्या नि पट्ट्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, असा अनुभव प्रत्येकाकडे असतो. मी त्यांना सांगतो, ऐकायची त्याला गरजच काय? घरातल्याच कुणीतरी त्याच वाय-फायवर गुडघ्याबद्दल शोधलेले असते. कुठल्याशा ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असते, त्यामुळे हाडांच्या दवाखान्यात तासभर बसल्याची नोंद झालेली असते. शिवाय अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी म्हणून एक ओळख-क्रमांक असतो. वेगवेगळ्या ॲपमधल्या नोंदी त्याच्यावरून एकत्र जुळवता येतात. बातमीचे पान पुरते उघडायच्या आत त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव उरकलेला असतो. बोली लावणाऱ्यांना जागेपेक्षा समोर कोण बसले आहे यात रस असतो, आणि ज्यांची बोली हुकते त्यांच्याही हाती आपली माहिती गेलेलीच असते.

आमच्या धंद्यात याच माहितीवर केवढी बंधने! एच-१ यादीतले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता न येणाऱ्या कडक नियमांच्या यादीतले औषध दिले की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे सगळे लिहायचे. ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे आणि औषध निरीक्षक आले की दाखवायचे. उद्या मी त्याची झेरॉक्स विमा एजंटाला नि कर्जवाल्यांना विकू लागलो, तर लोक मला दुकानाबाहेर ओढून विचारतील. तोच माणूस झोपेच्या गोळीचे नाव मोबाइलवर शोधतो तेव्हा मात्र त्याची नोंद कुठकुठल्या 'भागीदारां'कडे जाते याचा पत्ता नसतो. वर उत्तर तयार : त्याने संमती दिली होती.

ही संमती कशी घेतात ते जरा निरखून पाहावे. संकेतस्थळ उघडले की निम्मा स्क्रीन झाकला जातो. 'सर्व स्वीकारा' हे ठळक निळे बटण नेमके अंगठा पडतो तिथे असते. शेजारी बारीक करड्या अक्षरांत 'पर्याय पाहा'. 'नको' असे कुठेच नाही. ती करडी अक्षरे दाबली की उद्देशांची यादी, तिच्याखाली कधी न ऐकलेल्या कंपन्यांची यादी, आणि 'कायदेशीर हितसंबंध' अशा भारदस्त नावाखाली काही खटके आधीच चालू करून ठेवलेले. आपल्याकडे तर पुष्कळ ठिकाणी एवढाही देखावा नसतो. 'हे संकेतस्थळ वापरत राहिलात म्हणजे तुमची संमती आहे', अशी एक पट्टी आणि एकच 'ओके'.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने, म्हणजे मे २०२७. कायद्यात चांगले पुष्कळ आहे. संमती बिनशर्त हवी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत, म्हणजे मराठीतही, माहिती मिळायला हवी. पण २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई नाही. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड! तक्रारदाराला दारातच दम देण्याचा हा प्रकार आहे.

खरे तर मे २०२७ पर्यंत थांबण्याचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजीच 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाला फसवून हवे ते करून घेणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली आहे. एक गोष्ट ठळक करून दुसरी दडवणे हा त्यातलाच एक. फ्रान्समध्ये तर याच मुद्द्यावर जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर झाला. कुकी (आपला माग ठेवायला संकेतस्थळ आपल्या फोनमध्ये ठेवते ती बारीकशी नोंद) स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, एवढाच गुन्हा. त्यानंतर काही महिन्यांतच गुगलने युरोपात 'सर्व नाकारा' हे बटण दिले. आयफोनवरही २०२१ पासून इतर ॲप नि संकेतस्थळांवर आपला माग काढण्याआधी ॲपला आपल्याला विचारावे लागते आणि तिथे होकार-नकार सारख्याच आकारात असतात. म्हणजे करायचे म्हटले तर जमते.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही संमतीची ती पट्टी आहे आणि तीही इंग्रजीत. जाहिरातींवाचून बातमी फुकट कशी देणार, हा आपला प्रश्न मला मान्य आहे. पण दर दिवाळीत मी आपल्या स्थानिक आवृत्तीत जाहिरात देतो, तेव्हा ती कोण वाचणार, त्याला मधुमेह आहे की नाही, हे मला आपण कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तरी गिऱ्हाईक येते. गुडघेदुखीच्या लेखाशेजारी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात खुशाल लावा, त्यासाठी वाचकाच्या मागे फिरावे लागत नाही.

तेव्हा सुरुवात आपणच करावी. पहिल्याच स्क्रीनवर 'स्वीकारतो' आणि 'नाकारतो' ही दोन बटणे, सारख्या आकाराची, मराठीत. आणि नाकारणाऱ्यालाही बातमी पूर्ण वाचता यावी. शिवाय आपल्या संकेतस्थळाच्या जाहिरात-भागीदारांची संपूर्ण यादी एकदा छापील अंकात प्रसिद्ध करावी, अशी विनंती आहे. किती रकाने लागतात ते आम्हा वाचकांनाही कळेल.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज
(नाव प्रसिद्धीसाठी नाही)