चूक काढणाऱ्यांच्या बाजूने

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या प्रतापनगरातील विज्ञानमालिकाप्रेमींच्या बैठकीवर दोन आठवड्यांपूर्वी एक चौकट आली होती. दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र एका जुन्या परदेशी मालिकेच्या भागातल्या चुका काढण्यात मंडळींची संध्याकाळ मजेत गेली, असा जो सूर त्या चौकटीत लागला आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे मला भाग आहे. चुका आम्ही काढल्या हे खरे, आणि संध्याकाळ मजेत गेली हेही खरे. पण चुका काढत बसणारा प्रेक्षक कथेला मुकतो, असे जे त्यात गृहीत धरले आहे ते मला मान्य नाही. त्या दिवशी तो भाग आम्हाला उलगडला, तो चुकांवरून झालेल्या वादातूनच.

ज्या वाचकांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेतील ‘द इनर लाइट’ हा भाग १ जून १९९२ रोजी, म्हणजे आपल्याकडे नवतपा सुरू असताना, तिकडे पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अवकाशात तरंगणारे एक जुने यंत्र अवकाशयानाचा प्रमुख कॅप्टन पिकार्ड याच्या मेंदूवर किरण सोडते आणि तो जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतात ते कटान नावाच्या ग्रहावरील रेसिक या गावात. तिथे त्याला सगळे कामिन म्हणतात, एलिन नावाची बायको आहे, बटाई नावाचा जिवलग मित्र आहे, आणि आपले यान, आपले सहकारी यांविषयी तो जे सांगतो ते तापातले बरळणे आहे असे सर्वांना वाटते. पाच वर्षे तो आकाशाकडे डोळे लावून बसतो, मग संसाराला लागतो, बापही होतो, बासरी शिकतो, म्हातारा होतो. या सगळ्या काळात पाऊस आटत जातो, जमीन मरत जाते; सूर्यच दगा देणार आहे हे अखेर कळते. शेवटी उलगडा होतो की हे सगळे हजार वर्षांपूर्वी संपलेले जग आहे आणि आपली आठवण कुणापाशी तरी राहावी म्हणून त्या लोकांनी ते यंत्र आकाशात सोडले होते.

वादाला तोंड फोडले ते भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने. कटानचा सूर्य ‘नोव्हा’ होतो, म्हणजे आपल्या परिभाषेत नवतारा, असे त्या भागात सांगितले आहे. तिचे म्हणणे असे की, नवताऱ्याचा स्फोट होण्यासाठी जोडतारा लागतो. त्यातला एक श्वेतबटू, म्हणजे जेमतेम पृथ्वीएवढा आक्रसलेला मृत तारा असतो. तो जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेत राहतो आणि पुरेसा साठा झाला की तो थर एकाएकी पेटतो. उत्तर मुकुट तारकासमूहातील एक तारा १८६६ आणि १९४६ साली असाच भडकला होता आणि पुढच्या स्फोटाची वाट खगोलप्रेमी पाहत आहेत. आपल्या सूर्यासारखा एकटा तारा असा भडकत नाही. तो प्रखर होतो, पण शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्के या संथ चालीने. तेव्हा एका माणसाच्या हयातीत वाढत जाणारा दुष्काळ आणि त्यामागून नवतारा, ही सांगड बसत नाही.

यावर, ‘मेंदूवर किरण सोडून आयुष्य दाखवणारे यंत्र चालते, मग सूर्यालाच का धारेवर धरता?’ असा प्रश्न आला. मी स्वतः त्या मुलीच्या बाजूचा आहे. कथेला लागणारी एक अशक्य गोष्ट लेखकाला उधार द्यावी, कारण तिच्याशिवाय कथाच उभी राहत नाही; पण जे विज्ञानाला ठाऊक आहे ते त्याने पाळलेच पाहिजे. मराठी वाचकाला ही शिस्त डॉ. जयंत नारळीकरांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली तीसुद्धा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे निवाडा नावाचा न होता कथेचा व्हावा. तारा हळूहळू तापत गेला, एवढेच लेखकाने म्हटले असते तरी काम भागले असते. ‘नोव्हा’ हा शब्द त्याने केवळ नादावर घेतला असावा.

खरी रंगत आली ती झाडावरून. रेसिकच्या चौकात दुष्काळातच एक रोपटे लावलेले आहे आणि प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या मोजक्या पाण्यातले थोडे त्या रोपट्याला देते. आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, ज्यांची उभी हयात विदर्भातल्या टंचाईच्या आराखड्यांत गेली. त्यांना हे अजिबात पटले नाही. ‘मी तिथे असतो तर पहिल्या दिवशी हा प्रकार बंद पाडला असता,’ ते म्हणाले. ‘टँकरचे पाणी माणशी मोजून द्यावे लागते, तेव्हा चौकातल्या शोभेच्या झाडाला कोण पाणी घालू देईल? ज्याने हे लिहिले त्याने टंचाई पाहिलेली नाही.’ हा आक्षेप नवताऱ्याच्या आक्षेपापेक्षा वजनदार होता, कारण तो अनुभवातून आला होता, आणि क्षणभर कुणाला उत्तर सुचेना.

उत्तर दिले ते ज्यांच्या घरी बैठक होती त्या काकूंनी. त्या तोवर पोह्यांवर तर्री वाढत होत्या आणि आमचे सगळे ऐकत होत्या. ‘भाऊ, तुमच्याकडे तुळशीवर गळती लावली की नाही यंदा?’ एवढेच त्यांनी विचारले. अभियंता हसले. लावली होती. वैशाखात आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत लावतात : तिवईवर मातीचे मडके, त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी किंवा कापसाची वात, आणि तिच्या टोकाशी फुगत जाऊन सुटणारा एकेक थेंब. खाली माती तेवढ्याच वर्तुळात काळी पडलेली असते, बाकी अंगण भाजून पांढरे. काकूंच्या माहेरच्या गावी विहिरीने तळ गाठल्यावर बायका कोसभरावरून पाणी आणत. तेव्हाही हे मडके सकाळी भरले जाई, घरच्या माणसांच्या आंघोळी मात्र बंद होत. अभियंत्यांनी आपला आक्षेप मागे घेतला, पण हिशेबी माणूस तो. जाता जाता त्यांनी सांगितलेच की मुळाशी थेंब-थेंब दिले तर तांब्याभर पाण्यात रोप तग धरते, घरटी ओंजळभरही जास्त होईल, आणि हे पटकथेत दाखवायला हवे होते.

मला विचाराल तर त्या भागाची नाडी इथे हाती लागली, आणि ती लागली एका माणसाने ‘हे चूक आहे’ असे ठासून म्हटल्यामुळे. सगळ्यांनी नुसते छान-छान म्हटले असते तर ते रोपटे पडद्यावर येऊन गेले असते आणि काकूंच्या माहेरचे मडके कुणालाच दिसले नसते.

योगवासिष्ठातील लवण राजाची आठवण कुणीतरी काढली, ती निघणारच होती. दरबारात आलेला गारुडी मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजा सिंहासनावर बसल्या जागी स्तब्ध होतो आणि घटकाभराने शुद्धीवर येऊन सांगतो की आपण विंध्याच्या रानात चांडाळाचा जावई होऊन उभे आयुष्य काढले, मुले झाली, दुष्काळ पडला, भुकेल्या पोरासाठी आपण चितेवर उडी घेणार तोच जागे झालो. दुष्काळसुद्धा जुळतो. पण मला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे हा सगळा खेळ राजाला दोन्ही जगे मनाचीच आहेत हे दाखवण्यासाठी मांडला आहे. रेसिकच्या लोकांचा हेतू अगदी उलटा आहे, आपले जगणे कुणीतरी खरे मानावे एवढ्यासाठीच त्यांची धडपड चालली आहे. म्हणून तर एलिन नवऱ्याला तत्त्वज्ञान ऐकवत नाही. जोडे जागेवर ठेवत जा, अशी तिची सदाची कटकट असते, आणि मरताना तिच्या तोंडी शेवटचे तेच शब्द येतात. आमच्या बैठकीत या प्रसंगाला कुणीच काही बोलले नाही, आणि मला वाटते तेच योग्य होते.

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाऊन आलेल्या मुलांना सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर यानांची माहिती असते, पण परक्या जिवांना आपली ओळख व्हावी म्हणून त्यांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीत मराठीतला नमस्कार आहे आणि सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे त्या संध्याकाळी निम्म्या लोकांना नवे होते. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला, म्हणजे अकराच दिवसांनी. कटानच्या लोकांनी एका परक्याला बासरी शिकवली, आपण तबकडी आणि ती वाजवण्याची कृती पाठवली. यांपैकी शहाणपणाचे कोणते, हा वाद अनिर्णित राहिला. भैरवी ऐकून मैफल संपली हे ज्याला कळणार नाही, त्याला ती किती पोचणार, असा माझा प्रश्न होता. त्यावर ती मुलगी म्हणाली की भैरवी आपल्यालाही आधी कुणी समजावून दिली नव्हती.

एक चूक मात्र मी अजूनही माफ केलेली नाही. सुमारे चाळीस वर्षे दुसऱ्याचे आयुष्य जगून आलेला, बायको पुरलेला, नातू खेळवलेला माणूस पुढच्या भागात यानाच्या खुर्चीवर पूर्ववत बसतो, आज्ञा देतो आणि त्याला काही म्हणजे काही झालेले नसते. १९९३ सालच्या ‘लेसन्स’ या भागात ती बासरी पुन्हा बाहेर निघते तेवढीच. दर आठवड्याला पाटी कोरी करणाऱ्या मालिकांचा तो रिवाजच होता, हे मान्य. पण नवताऱ्याची चूक पुस्तक उघडून सुधारता येते, ही माणसाविषयीची चूक आहे. शेवटच्या दृश्यात पिकार्डचे काम करणारा पॅट्रिक स्ट्यूअर्ट खिडकीशी उभा राहून बासरी छातीशी धरतो, त्या दोन मिनिटांत जे दिसते ते पुढच्या आठवड्यात लेखकांनी पुसून टाकावे, याचे वाईट वाटते. (त्याच्या कटानवरील तरुण मुलाचे काम स्ट्यूअर्टच्या सख्ख्या मुलाने केले आहे, हे कळल्यावर तर जास्तच.)

आणि चुकांचा विषय निघालाच आहे म्हणून शेवटी एक. आपल्या चौकटीत, कॅप्टन पिकार्ड चाळीस मिनिटांत पंचवीस वर्षांचे आयुष्य जगतो, असे छापले आहे. ते उलटे आहे. यानावर जातात ती वीस-पंचवीस मिनिटे आणि गावात जातात ती सुमारे चाळीस वर्षे. ही दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत शक्यतो त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर