ताई, फिजी नुसतं चालू करून देऊन तू थांबली नाहीस

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले असते तर तू नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतंस. म्हणून हे असं, चारचौघांत.

मायक्रोस्कोपच्या फाइली माझ्या लिनक्सवर साध्या फोटो-व्ह्यूअरमध्ये उघडेनात, एवढीच माझी तक्रार होती. तू फिजी, म्हणजे मायक्रोस्कोपच्या प्रतिमा उघडून मोजायचं फुकट सॉफ्टवेअर, डाउनलोड केलंस आणि सिस्टीमच्या फोल्डरला हातही न लावता माझ्या होम फोल्डरमध्येच एक्सट्रॅक्ट केलंस. सुडोची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराची, गरजच पडली नाही. फिजी स्वतःच्याच फोल्डरात अपडेट उतरवतं, तिथे लिहायची परवानगी नसेल तर अडून बसतं, हे कारणही तू जाता जाता सांगितलंस. जावा त्याच्यासोबतच येते, तेव्हा तीही कटकट मिटली.

मग मोठी फाइल आली. 2048 बाय 2048, 16 बिट: एक फ्रेम 8 एमबी, हजार फ्रेम म्हणजे 8 जीबी, आणि माझी सगळी रॅम तेवढीच. तू बायो-फॉरमॅट्सच्या, म्हणजे फिजीत अशा फाइली उघडून देणाऱ्या प्लगइनच्या, खिडकीत व्हर्च्युअल स्टॅकवर टिक केलीस. आता हवी ती फ्रेम तेवढी डिस्कवरून येते. पुढे-मागे करताना जरा रेंगाळते, पण मशीन गोठत नाही.

इथे कुणीही "झालं तुझं काम" म्हणून उठलं असतं. तू उठली नाहीस. प्रॉपर्टीज उघडून पिक्सेलची रुंदी दाखवलीस: 0.1625 मायक्रॉन. ती फाइलमधूनच आली होती, तरी तू कागद ओढलास. कॅमेऱ्याचा पिक्सेल 6.5 मायक्रॉन, लेन्स 40एक्स. भागाकार जुळला तेव्हाच मान डोलावलीस. 2 बाय 2 बिनिंग (चार पिक्सेलचा मिळून एक) असतं तर आकडा दुप्पट व्हायला हवा, हेही तिथेच लिहून ठेवलंस. आणि ऑटोस्केल, म्हणजे पडद्यावरचा उजेड आपोआप जुळवणं! फिकट आणि प्रखर अशा दोन प्रतिमा त्याने पडद्यावर अगदी सारख्या दिसत होत्या. तू प्रत्येकीवर कर्सर फिरवून खालच्या पट्टीतले पिक्सेलचे आकडे वाचायला लावलेस. एकीत शेकड्यांत, दुसरीत हजारांत. मोजमाप डोळ्यांवर सोडायचं नाही, हे त्या पाच मिनिटांत जितकं पटलं तितकं कुठल्या वर्गात पटलं नव्हतं.

(जेपीईजीत सेव्ह करायला गेले तेव्हाचा तुझा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. जेपीईजीत पिक्सेलचे आकडे बदलतात. टिफ, फक्त टिफ. कळलं.)

वेन रासबँड यांनी 1997 मध्ये इमेजजे हे प्रतिमा मोजायचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं, त्यावर पुढे फिजी उभं राहिलं. त्यांचेही आभारच. पण फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर वापरायचं कसं, हे शेजारी खुर्ची ओढून बसणारं माणूसच शिकवतं.

पुढच्या वेळी 60एक्सची लेन्स लावणार आहे. पिक्सेलची रुंदी 0.1083 मायक्रॉन यायला हवी ना? आली नाही तर तुलाच हाक मारीन.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची