पाळीच्या रजेआधी उपचारांचे बोला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मासिक पाळीच्या रजेविषयी आपल्या दैनिकात सध्या येणारी वाचकांची पत्रे मी आवर्जून वाचत आहे. बिहारमध्ये सरकारी नोकरीतील महिलांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा मिळते आणि कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये वर्षाला १२ दिवसांच्या पगारी रजेचे धोरण मंजूर केले, तेव्हा आपल्याकडेही हा विषय निघणे स्वाभाविकच आहे. रजेला माझा विरोध नाही. मात्र ज्या दुखण्यासाठी ती मागायची, त्यातले बरेचसे दुखणे उपचारांनी कमी होऊ शकते, ही गोष्ट मला एकाही पत्रात आढळली नाही.

माझी मुलगी बारावीत आहे. ऐरोलीहून ठाण्याला महाविद्यालयात जाताना गेल्या वर्षी ती ठाणे स्थानकाच्या जिन्यातच पोट धरून खाली बसली आणि महिलांच्या डब्यातून तिच्याबरोबर उतरलेल्या एका अनोळखी बाईंनी आपले ऑफिस बाजूला ठेवून तिला घरी आणून सोडले. त्याआधी वर्षभर आम्ही तिला ‘थोडे सोसायला शीक’ एवढेच सांगत होतो (माझ्या आईने मला आणि आजीने आईला हेच सांगितले होते), आणि ज्या डॉक्टरांकडे प्रथम नेले त्यांनी ‘लग्न झाले की आपोआप थांबेल’ असे म्हणून आमची बोळवण केली. सतरा वर्षांच्या मुलीला हा कसला उपचार?

नंतर ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी केसपेपरच्या मागे गर्भाशयाचे चित्र काढून मुलीलाच सगळे समजावले. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोरात आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यालाच अटकाव करतात. म्हणजे कळ असह्य होईपर्यंत वाट पाहून गोळी घेतली, तर तोवर द्रव्ये आपले काम करून बसलेली असतात. आमच्या घरी नेमके हेच चालले होते: गोळी अगदी शेवटी, तीही अर्धी. खरे तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, पोटात काही असताना, पाळीची चाहूल लागताच ती सुरू करून पहिले दोन-तीन दिवस ठरावीक अंतराने घ्यायची असते. आजीच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही वेदना खरोखर कमी होतात.

अर्थात ही गोळी औषधांच्या दुकानातून परस्पर आणून खाण्याची नव्हे. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती बाधू शकते, आणि मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांच्या गुणवत्तेवर व सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने २०२३ मध्ये दिला होता. गोळ्यांना दाद न देणारे, दर महिन्याला वाढत जाणारे किंवा पाळी नसतानाही होणारे दुखणे एन्डोमेट्रिऑसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराचे, असू शकते. त्यात सोनोग्राफी कधीकधी निर्दोष येते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

दुसरी गोष्ट मनाची आहे आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि मुलीच्या पाळीचे पेन्सिलचे टिंब असे सगळे एकत्र असते. डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून आम्ही त्याच चौकटींत ‘रडली’, ‘जेवली नाही’, ‘भावावर ओरडली’ अशा नोंदी रोजच्या रोज करू लागलो. दोन महिन्यांनी पाने शेजारी ठेवली, तेव्हा या नोंदी टिंबाच्या आधीच्या आठवड्यातच दाटलेल्या दिसल्या. टिंबानंतर दोन-तीन दिवसांत चौकटी कोऱ्या. ‘वयच हट्टी आहे’ या माझ्या निदानाला तिथे काही आधार उरला नाही. हा त्रास सौम्य असेल तर झोप, व्यायाम आणि घरच्यांचे समजून घेणे यांनी निभावतो. मात्र निराशा, चिडचिड इतकी टोकाला जाते की अभ्यास, नोकरी, नाती विस्कटतात, तेव्हा तो पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) नावाचा विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्याचे निदान अशा दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदींवरूनच केले जाते. त्यावर नैराश्यावरची काही औषधे चालतात आणि काही जणींना ती पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरतीच घेऊनही भागते. जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘पाळी आली की ओसरेल’ म्हणून थांबू नये. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोन सेवा मराठीतही बोलते.

शाळा-महाविद्यालयांत पॅडची यंत्रे बसवली जातात, ते चांगलेच आहे. त्या यंत्राशेजारी गोळी केव्हा घ्यावी, डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि नोंदी कशा ठेवाव्यात, एवढे सांगणारे एक पान ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य विभागांनी लावावे. आपल्या आरोग्य पुरवणीत कापून भिंतीवर लावता येईल असा नोंदींचा तक्ता छापता आला, तर त्याची पहिली प्रत आमच्या दिनदर्शिकेशेजारी लागेल.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई