आई-बाबा, दिवाळीनंतर पुण्यालाच यायचंय

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच कपिलेचं दूध सांगायला लागते, म्हणून लिहितेय. आमच्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी भाड्याने घेतलाय. डिपॉझिट भरून झालं.

बाबा, गोळ्यांचा कोर्स झाला, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) निल आला, लिव्हरचा तो हिपॅटायटिस सी गेला, हे तुमचं अगदी खरं. पण तो १९९४ ला चढवलेल्या त्या रक्तातून आला (तेव्हा रक्तपेढीत सी ची टेस्ट नव्हतीच हो, आपल्याकडे सक्तीची झाली २००१ ला, तेव्हा आई तू उगाच स्वतःला बोल लावू नकोस) आणि इतकी वर्षं त्याच्याशी लढून ज्या टी-सेल्स (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थकल्या त्या व्हायरस गेला म्हणून पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. २०२१ ला यावर रिसर्च आलंय, थकव्याच्या खुणा पेशीच्या आत डीएनएच्या गुंडाळीवर तशाच राहतात. सगळी प्रतिकारशक्ती गेली असं मुळीच नाही, घाबरू नका. पण सी परत होऊ शकतो, आणि सिरॉसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) असल्यामुळे लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी झाला तरी संपत नाही, म्हणून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी लागतेच. तिकडून रत्नागिरीला जायचं, एसटी, पाऊस, भातलावणी, मग ती राहूनच जाते. इथे मी घेऊन जाईन, तासाभरात परत.

जिना नाही, कमोड आहे, आई तुझं देवघर पूर्वेलाच बसतंय, तुळशीला ऊन येतं, मासेवाली गुरुवार सोडून रोज दारात येते. सकाळचा मऊ भात आणि मेतकूट चुकणार नाही. शिमग्याला, गणपतीत घरी जायचंच, घर काही बंद करत नाहीये आपण. कपिलेचं मधूकाकांशी बोललेय.

बाबा, मला टायफॉइड झालेला तेव्हा तुम्ही शाळेला रजा टाकून उशाशी बसायचात आणि मी झोपले तरी गोष्ट थांबवायचा नाहीत. मला अजून तुमचा तो आवाज लागतो हो.

आता ऐका. गुळवेलीचा काढा आजपासून बंद, प्रतिकारशक्तीसाठी म्हणून शेजारच्यांनी दिला तरी. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच तो घेतलेल्यांच्या लिव्हरला इजा झालेल्या केसेस छापल्यात. गुडघा दुखला तर मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही, आधी मला फोन. कालवं नीट शिजवूनच. हिपॅटायटिस बी ची लस राहिलीय, फ्लूची पण, दोन्हीचं डॉक्टरांना विचारून ठेवते. आणि कुठे सी ची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर दातांच्या डॉक्टरकडे झालात तसे हबकून जाऊ नका, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, आजार आहे का ते व्हायरल लोडवरून कळतं.

आई, जुने रिपोर्ट गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात आहेत, सगळे घे, पिशवीत नको, फाइलला लाव.

तुमची,
छकुली